मध्यरात्रीचे नागपूर : हवाई अंतर, प्रवासकाळ आणि टपालाची चार विमाने

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. याच दोन शहरांमधला लोहमार्ग ८३७ किलोमीटर लांब आहे, तर २०२५ साली पूर्णपणे खुला झालेला समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणे गावापर्यंतच ७०१ किलोमीटर धावतो. रेल्वेला थळ घाट चढून भुसावळकडे वळावे लागते आणि मग वऱ्हाडातून पूर्वेची वाट धरावी लागते; रस्त्याला डोंगर टाळावे किंवा फोडावे लागतात; विमानाला यांपैकी काहीच करावे लागत नाही. अंतराचा आकडा असा मार्गागणिक बदलला तरी एकदा मोजला की पक्का असतो. वेळेचे तसे नाही. दोन विमानतळांमधला प्रवासकाळ त्यांच्यातील अंतरावर जेवढा अवलंबून असतो, त्याहून अधिक तो त्या प्रवासाभोवती माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतो, आणि या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा १९४९ साली नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत सापडतो. या सेवेचा इतिहास महाराष्ट्रात जितका सांगितला जायला हवा, तितका सांगितला गेलेला नाही.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर. ते दोन बिंदू आणि पृथ्वीचे केंद्र यांमधून जाणारे प्रतल पृष्ठभागाला छेदते तेव्हा जे वर्तुळ तयार होते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि त्या वर्तुळाचा दोन बिंदूंमधला लहान कंस हाच विमानाचा आदर्श मार्ग होय. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि हे माप मुळात अक्षांशाच्या एका अंशाच्या साठाव्या भागावरून, म्हणजे एका मिनिटावरून घेतलेले आहे. नागपूर आणि चेन्नई ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असल्यामुळे या मापाची प्रचीती तेथे सहज घेता येते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतील फरक सुमारे आठ अंश सहा मिनिटे, म्हणजे ४८६ मिनिटे इतका आहे. म्हणून अंतर ४८६ सागरी मैल किंवा ९०० किलोमीटर येते, आणि चेन्नई किंचित पूर्वेला असल्यामुळे त्यात आठ-नऊ किलोमीटरची भर पडते.

अशी गणिते आज क्षणात होतात, परंतु त्यांच्यामागे भारताच्या भूमीचे जे मोजमाप आहे ते पायी झालेले आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते द्वीपकल्पातून उत्तरेकडे सरकत राहिले. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. ज्या मोजणीमुळे पुढे भारतातील कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर विश्वासाने सांगता येऊ लागले, तिचा प्रवर्तक नागपूरच्या अलीकडे सुमारे ७५ किलोमीटरवर विसावला आहे, याची जाणीव विदर्भातही फार थोड्यांना असते. नागपुरात या सर्वेक्षणाची खूण म्हणून ‘झिरो माइल’चा स्तंभ उभा आहे, आणि तो देशाचा भौगोलिक मध्य दाखवतो अशी लोकसमजूत आहे. मध्य कशाचा धरावा यावर वाद घालता येतो; हवाई वाहतुकीच्या दृष्टीने मात्र नागपूरचे मध्यवर्तीपण साध्या बेरजेने सिद्ध होते.

सोनेगावपासून मुंबई सुमारे ६८५, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९१० आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटरवर आहे. मुंबईहून कोलकात्याला सरळ गेले तर अंतर साधारण १,६६५ किलोमीटर भरते, आणि वाटेत नागपूरला उतरून गेले तर त्यात जेमतेम दोन-तीन किलोमीटर वाढतात. दिल्ली-चेन्नई या दुसऱ्या कर्णाचीही गोष्ट तीच आहे. सरळ अंतर सुमारे १,७६० किलोमीटर, आणि नागपूरमार्गे जाण्याने पडणारी भर पुन्हा दोन-तीन किलोमीटरचीच. म्हणजे देशाची चार मोठी शहरे एका चौकोनाची चार टोके मानली, तर त्या चौकोनाचे दोन्ही कर्ण नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर एकमेकांना छेदतात. चौकोनाच्या बाजूंना मात्र ही सवलत नाही. मुंबई-दिल्लीला नागपूरमार्गे सुमारे चारशे, तर मुंबई-चेन्नईला साडेपाचशेच्या आसपास किलोमीटरचा वळसा पडतो. लोहमार्गांनीही हाच छेदबिंदू आधी शोधला होता. मुंबईकडून आलेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ पर्यंत ती कोलकात्याच्या बाजूला जोडली, आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठ-बल्लारशा दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास गाड्याही नागपुरावरून धावू लागल्या. चारही दिशांचे रूळ एकमेकांना कापतात ते नागपूर स्थानकाजवळचे ‘डायमंड क्रॉसिंग’ त्याची साक्ष देते.

हवाई टपालाचा आरंभ नागपूरपासून दूर झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर होते सुमारे दहा किलोमीटर आणि वेळ लागला तेरा मिनिटे. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून या उड्डाणाची नोंद होते, पण त्याने कोणाचे पत्र लवकर पोहोचले असे म्हणता येत नाही, कारण ते एका प्रदर्शनाच्या निमित्ताने केलेले प्रात्यक्षिक होते. नियमित सेवा सुरू व्हायला आणखी दोन दशके लागली. इंपीरियल एअरवेजने १९२९ साली लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणण्यास सुरुवात केली, आणि कराचीला उतरलेले टपाल मुंबई-मद्रासकडे नेण्याचे काम टाटांच्या हवाई विभागाने पत्करले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पुस मॉथ’ जातीचे एका इंजिनाचे विमान घेऊन सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले आणि ते हातांनी टाकीत ओतले गेले. कराची-अहमदाबाद-मुंबई हे अंतर सुमारे १,०३५ किलोमीटर आहे, म्हणजे थांबा धरून ताशी सरासरी वेग १४३ किलोमीटरच्या आसपास पडतो; बैलगाडीने आणलेल्या इंधनावर उडणाऱ्या विमानाने हा वेग राखावा, ही त्या काळच्या मानाने मोठीच कामगिरी होती. पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेला, पण त्यांना बळ्ळारीला मुक्काम करावा लागला आणि टपाल मद्रासला दुसऱ्या दिवशी पोहोचले. जुहूचे मैदान समुद्रकाठच्या सखल जमिनीवर असल्यामुळे पावसाळ्यात तेथे पाणी साचे आणि टाटांना आपला सारा पसारा पुण्याला हलवावा लागे. अंतर तेच राही, प्रवासकाळ मात्र ऋतूप्रमाणे बदले.

बळ्ळारीच्या त्या मुक्कामात हवाई टपालाची खरी अडचण दिसून येते. विमाने दिवसाच उडत आणि पत्रेही दिवसाच तयार होत. पेढीतला कारकून सकाळपासून पत्रे लिही, टंकलिखित करून घेई, संध्याकाळी ती पेटीत पडत, रात्री टपाल कचेरीत त्यांची वर्गवारी होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान त्यांना घेऊन निघे. ते विमान दुपारी पोहोचले तरी वाटप दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीतच होई, म्हणजे पत्राला दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस लागे. याउलट रात्रीच्या मेल गाडीत रेल्वे टपाल सेवेचे, म्हणजे आरएमएसचे, कर्मचारी धावत्या डब्यातच टपालाची वर्गवारी करीत, आणि सकाळी गाडी स्थानकात शिरली की थैल्या वाटपाला तयार असत. तेव्हा पाचसहाशे किलोमीटरच्या अंतरापर्यंत रेल्वे विमानाच्या बरोबरीला येई, आणि हवाई टपालासाठी जादा पैसे मोजणाऱ्याला मिळणारा लाभ पुष्कळदा कागदावरच राही. विमानाचा वेग वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. विमानाची वेळ बदलून तो सुटणारा होता.

स्वातंत्र्यानंतर दोन परिस्थिती एकत्र आल्या. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने भारतात मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या बळावर अनेक हवाई कंपन्या निघाल्या. देशाला पुरेल त्यापेक्षा त्यांची संख्या अधिक झाली आणि दिवसाच्या मार्गांवर पुरेसा धंदा मिळेना. त्याच वेळी दळणवळण खात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई यांना टपाल जलद आणि सामान्य माणसाला परवडेल असे करायचे होते. रात्री मोकळी उभी असलेली विमाने आणि रात्री वाटेत असलेले टपाल यांची सांगड घालण्याची कल्पना त्यांनी उचलून धरली. जे. आर. डी. टाटांचा या योजनेला विरोध होता. रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे, रेडिओचे मार्गदर्शन आणि इतर सोयी पुरेशा नसताना प्रवाशांना रात्री नेणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि हा मतभेद जाहीर वादापर्यंत गेला. दोघांच्याही बाजूला वजन होते. सोयी पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर सेवा कित्येक वर्षे लांबणीवर पडली असती, आणि न थांबल्याची किंमत पुढे खरोखरच मोजावी लागली.

३० जानेवारी १९४९ रोजी, महात्मा गांधींच्या पहिल्या स्मृतिदिनी, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. आरंभी ती इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने चालवली, पण काही महिन्यांतच ती खंडित झाली आणि त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ती पुन्हा उभी केली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ‘ऑल-अप’ योजना लागू झाली, म्हणजे विमानाने नेल्यास जे पत्र लवकर पोहोचेल ते जादा आकार न घेता विमानानेच न्यायचे, असे टपाल खात्याने ठरवले. या निर्णयाचे महत्त्व किती मोठे होते हे आज चटकन ध्यानात येत नाही. विमान ही तोवर श्रीमंतांची आणि सरकारी अधिकाऱ्यांची चैन मानली जात होती, आणि आता गिरणगावातल्या कामगाराने दिल्लीतल्या भावाला साध्या तिकिटावर धाडलेले पत्रही त्याच विमानात बसू लागले.

सेवेची रचना वर सांगितलेल्या चौकोनावर आधारलेली होती. मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि चार विमाने पुन्हा चार दिशांना जाऊन पहाटेपर्यंत आपापले शहर गाठत. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी थेट विमान द्यायचे म्हटले असते, तर दर रात्री बारा उड्डाणे लागली असती. नागपूरमुळे चार येणारी आणि चार जाणारी अशा आठ टप्प्यांत तेच काम झाले, आणि टप्पेही आखूड झाले. अशा मध्यवर्ती केंद्राला आज ‘हब’ म्हणतात आणि या पद्धतीचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील मेम्फिसचे नाव घेतले जाते, परंतु फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिसहून रात्रीची पार्सलसेवा सुरू केली ती १९७३ साली, म्हणजे नागपूरनंतर चोवीस वर्षांनी.

अंतर वेगवेगळे आणि भेटीची वेळ एकच, यातून वेळापत्रकाचे गणित ठरे. डाकोटाचा प्रवासी वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर धरला, तर हवेत मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीन तास दहा मिनिटे, मद्रासहून तीन तास वीस मिनिटांच्या वर आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून कलकत्त्याच्या विमानाला सर्वांआधी निघावे लागे आणि मुंबईच्या विमानाला त्यानंतर सुमारे तासाभराने निघाले तरी चाले. परतीच्या वाटेवर हाच क्रम उलटा होई आणि मुंबईकराचे टपाल सर्वांत आधी खाली उतरे. मुंबईच्या व्यापाऱ्याला संध्याकाळी पत्र टाकायला तासभर अधिक आणि सकाळी उत्तर वाचायला तासभर आधी, असा दुहेरी लाभ केवळ नागपूरच्या जवळिकीमुळे मिळाला.

येथे घड्याळांचा प्रश्नही होता. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली असली, तरी कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत सांभाळली, आणि मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ काही ठिकाणी १९५५ पर्यंत वापरात होती. म्हणजे टपालाची विमाने उडू लागली तेव्हाही मुंबईत एकाच उड्डाणाची वेळ दोन घड्याळांत दोन तऱ्हांनी वाचता येत होती. कलकत्ता आणि मुंबई यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचा फरक असल्यामुळे सूर्य कलकत्त्याला सुमारे एक तास आधी उगवतो व मावळतो. कलकत्त्याहून लवकर निघणाऱ्या विमानालाही त्यामुळे अंधार गाठे, आणि परतताना सकाळचा उजेड त्याला वाटेतच भेटे.

सोनेगावचे मैदान पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास तयार झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ते वाटेतला थांबा म्हणून वापरले होते. दिवसा फारशी वर्दळ नसलेल्या या विमानतळावर मध्यरात्री चार विमाने एकामागून एक उतरत आणि मग मालाची देवाणघेवाण होई. प्रत्येक विमान उरलेल्या तीन शहरांसाठी तीन वेगळे गठ्ठे घेऊन येई, म्हणून एकाच फरसबंदीवर एकूण बारा प्रवाह एकमेकांना ओलांडून जात. जाड कापडाच्या थैल्या, त्यांच्या तोंडाशी बांधलेल्या नावाच्या चिठ्ठ्या आणि गाठीवरची लाखेची मोहोर. मोहोर शाबूत आहे ना हे पाहायचे, यादीशी संख्या ताडायची, सही घ्यायची आणि थैली योग्य विमानात चढवायची. एक थैली चुकीच्या विमानात गेली, तर दिल्लीची पत्रे मद्रासला पोहोचून पुन्हा पुढच्या रात्री नागपूरला यायची. एक विमान उशिरा आले, तर उरलेल्या तिघांनी त्याची वाट पाहावी की निघून जावे, हा निर्णय दर वेळी अवघड असे, कारण थांबले तर चारही शहरांची सकाळची वाटपफेरी चुके आणि निघाले तर एका शहराचे सारे टपाल चोवीस तास मागे पडे. प्रवाशांसाठी रात्रीचे भाडे दिवसापेक्षा कमी ठेवलेले होते, त्यामुळे झोपमोड सोसून विमानाने जाणारा मध्यमवर्गीय प्रवासी याच सेवेने तयार केला.

डाकोटाचा प्रवासीकक्ष दाबनियंत्रित नसे, म्हणजे उंचीवर गेल्यावर आतली हवा दाट ठेवण्याची सोय त्यात नव्हती. म्हणून ते सहसा तीन किलोमीटरच्या आतच उडे आणि पावसाळी ढगांच्या वर जाणे त्याला शक्य होत नसे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्री किंवा सातपुड्यावरून रात्री जाणाऱ्या वैमानिकाला वादळ टाळायचे तर बाजूने वळसा घ्यावा लागे, आणि अंधारात ढग दिसायचा तो विजेच्या उजेडात. दिशा कळण्याचे मुख्य साधन म्हणजे जमिनीवरचे रेडिओ दीपकेंद्र. हे केंद्र सर्व दिशांना एकच संकेत पाठवत राहते आणि विमानातील सुई त्याच्या दिशेकडे वळते. मात्र जवळपास विजा चमकत असतील, तर सुई केंद्र सोडून विजेकडेही वळते. त्यामुळे चालकदलात रेडिओ अधिकाऱ्याचे काम वैमानिकाइतकेच मोलाचे असे. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यात तेरा जणांचा मृत्यू झाला. सेवा मात्र चालू राहिली. ती चालू ठेवणारे वैमानिक, रेडिओ अधिकारी, यंत्रज्ञ आणि टपाल कर्मचारी यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत नाहीत, हे या विषयाच्या अभ्यासकाला सतत बोचते.

त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झालेले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० साली कंपन्यांच्या दुरवस्थेचा अहवाल दिला होता. त्यानंतर १९५३ च्या कायद्याने आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली आणि रात्रीचे टपालही तिच्याकडे आले.

आकाशात वाचवलेला वेळ जमिनीवर टिकवणे हे याहून कठीण ठरले. हाताने लिहिलेले, अनेक भाषांतले आणि अनेक लिप्यांतले पत्ते वाचून थैल्या भरायच्या, सारख्या नावांची गावे ओळखायची, आणि हे सारे विमान निघण्याआधी, यात वर्गवारी करणाऱ्याचा अनुभव हीच एकमेव यंत्रणा होती. पत्रांची संख्या वाढत गेली तसा हा अनुभव अपुरा पडू लागला. टपाल व तार मंडळातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकडी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. वेलणकर हे कोकणातून आलेले, संस्कृतात विपुल लेखन करणारे पंडित होते, आणि देशभरच्या पत्त्यांना भाषेच्या आधाराशिवाय ओळखता येईल अशी अंकांची योजना एका भाषापंडिताने करावी, यात विसंगती नसून सखोल जाण आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपाल कचेरीपर्यंत नेतात. नागपूरची ४४० ही सुरुवात त्याच योजनेतली.

पिनकोड आला तेव्हा नागपूरची रात्रभेट अखेरच्या टप्प्यात होती. १९५७ पासून व्हायकाउंट, १९६४ पासून कॅरव्हेल आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी बोइंग ७३७ ही विमाने इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आली. कलकत्त्याहून मुंबईला मध्ये न थांबता जाणे ही आता नित्याची गोष्ट झाली, आणि जेट विमानाला दोन तासांच्या प्रवासात मध्येच उतरवणे महागात पडू लागले, कारण इंधन सर्वांत वेगाने वर चढतानाच जळते. संध्याकाळी उशिरा निघालेले थेट विमान मध्यरात्रीपूर्वीच टपाल पोहोचवू लागले. १९७० च्या दशकात खनिज तेल महागले आणि नागपूरची सेवा बंद पडली.

वेग तिपटीने वाढला म्हणून प्रवासकाळ एक तृतीयांश झाला असे मात्र घडले नाही. वेळापत्रकात छापलेली वेळ ‘ब्लॉक टाइम’ असते. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान हलल्यापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा सारा काळ तीत मोजतात. नागपूर-मुंबईचे ६८५ किलोमीटर ताशी ८०० किलोमीटरने कापायला ५१ मिनिटे पुरतात, पण वेळापत्रक सुमारे दीड तासाचे असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर स्वतंत्रपणे एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानाला वेग कमी करून किंवा घिरट्या घालून क्रम यायची वाट पाहावी लागते, आणि कंपन्या हा संभाव्य विलंब आधीच वेळेत धरून ठेवतात. लहान अंतराला याचा फटका अधिक बसतो. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला सुरू झालेला कोल्हापूरचा विमानतळ मुंबईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, म्हणजे नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तरीही तेथला प्रवासकाळ निम्म्यावर येत नाही, कारण जमिनीवर फिरण्याचा, वर चढण्याचा आणि उतरण्यासाठी थांबण्याचा वेळ अंतराबरोबर घटत नाही.

प्रादेशिक विमानतळांसाठी आखलेल्या ‘उडान’ योजनेने अंतर आणि वेळ यांची जोडी सरकारी दरपत्रकात आणली. सुमारे तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित राहील, असे तिचे मूळ सूत्र होते, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी जी पहिली उड्डाणे सुरू केली त्यांत नांदेड-हैदराबाद हे उड्डाण होते.

नागपूरपुरते बोलायचे तर छेदबिंदूचा विचार पुन्हा पुन्हा वर येत राहिला. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने ‘मिहान’ हा मालवाहतूक केंद्राचा प्रकल्प हाती घेतला तो याच भूगोलाच्या आधारावर, आणि २००९ च्या सुमारास कॅप्टन गोपीनाथ यांच्या ‘डेक्कन ३६०’ या मालवाहू सेवेने रात्री नागपूरला विमाने एकत्र आणण्याची योजना केली. ती सेवा फार काळ चालली नाही. कर्णांचा छेद आजही तेथेच आहे, परंतु १९४९ साली टपाल खात्याच्या हाती आणखी एक गोष्ट होती. चारही शहरांतील सारी पत्रे एकाच खात्याच्या ताब्यात होती, त्यामुळे दर रात्री चारही विमानांना पुरेसा माल मिळण्याची शाश्वती होती आणि त्यांच्या वेळा एकाच कचेरीत ठरत होत्या. आज तोच माल अनेक कुरिअर कंपन्यांत, प्रवासी विमानांच्या पोटांत आणि समृद्धी महामार्गावरून रात्रभर धावणाऱ्या ट्रकांत विभागलेला आहे, आणि नागपूरला मालाचे केंद्र करायचे तर त्यांतला पुरेसा वाटा एका वेळापत्रकाखाली आणणे हे पहिले काम ठरते.